पैलवानाचे दात

८ मार्च

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारचे खिडकीत येऊन उभे राहतात, म्हणून पत्र. चाळीस वर्षं कवळ्या घासायच्या मशीनला कान लावून बसलास, आता भोग. मला काय, छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच शोधायच्या असतात. चार ओळी स्वतःच्या लिहिल्या की बरं वाटतं.

काम असं आहे. आमचा पैलवान सव्वादोन वर्षांचा झाला आणि तोंडात दात दोनच. तेही वरचे, टोकदार, मांजराच्या पिल्लाचे असावेत तसे. खालच्या मजल्यावरची मुलगी याच्याहून चार महिन्यांनी लहान, ती सफरचंद कडाकडा खाते. हा बिस्किट चोखत बसतो. मुलांचे डॉक्टर दर वेळी म्हणतात, येतील हो, घाई काय आहे. शेवटी मीच हट्टाने दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, खाली काही दिसत नाही. मी म्हटलं, म्हणजे उशिरा येणार? ते म्हणाले, नाही, नाहीतच. जबड्यात आणखी तीन-चार असतील, बाकी मोकळं. मोठा झाला की कवळी करू.

सव्वादोन वर्षांच्या पोराला कवळी. मी रस्ताभर हसत होते आणि घरी येऊन रडले. माझ्या नवऱ्याने एक्स-रे दिव्यासमोर धरून लिफ्टचा नकाशा वाचावा तसा वाचला आणि म्हणाला, मशीन चांगलं नसेल त्यांचं. आई मात्र शांत होती. म्हणाली, "तुझ्या मामाला लहानपणी असेच दात होते. त्याला विचार." खरं का? मला वाटायचं तुझे दात म्हातारपणाने गेले.

बाकी तो ठीक आहे. जन्मला तेव्हा कातडी जुन्या रंगासारखी सोलवटली होती ती आता बरी आहे, पण कोरडी असते. केस विरळ, पिवळट. मागच्या उन्हाळ्यात चार वेळा ताप आला, प्रत्येक वेळी औषधाची बाटली संपवली. आता परत ऊन वाढायला लागलंय.

तेवढं दातांचं कळव. इतक्या लहान मुलाला कवळी बसते का?

तुझी टिटवी


१९ मार्च

टिटवे,

पत्र वाचून तुझा आवाज ऐकल्यासारखं झालं. मशीनने तेवढं एक चांगलं केलं, आता लोकांना मला लिहावं लागतं.

तुझी आई म्हणते ते खरं आहे. मला मोजून सहा दात आले, सगळे सुईसारखे. शाळेत मला बदक म्हणायचे. एक तर तोंडामुळे, दुसरं म्हणजे उन्हाळाभर मी अंगणातल्या पाण्याच्या टाकीत बसलेला असायचो. पंधराव्या वर्षी ते सहाही काढले आणि पहिली कवळी बसली. ती इतकी वाईट होती की बोललो की टाळी वाजायची. म्हणूनच या धंद्यात आलो. म्हटलं, याहून वाईट तर आपल्या हातून होणार नाही. आज माझ्या तोंडातला प्रत्येक दात माझ्या हातचा आहे.

लहान मुलाला कवळी बसते. तिसरं लागलंय ना, मग करू. माप घेताना तो चावणार नाही ही आपली सोय. जबडा वाढतो तशी दीड-दोन वर्षांनी नवीन करावी लागते, त्याला इलाज नाही. मी आहे तोवर तू दुसऱ्या कुणाकडे जाऊ नकोस. लहान मुलांचे दात करणारे थोडे आहेत आणि त्यातले बरेच जण मोठ्यांचेच दात लहान करून बसवतात. पोर मग वकिलासारखं दिसतं.

आणखी एक, सहज विचारतो. त्याला घाम येतो का? धावून आला की कपाळ, मान ओली होते का? होत नसेल तर दुपारी सदरा ओला करूनच घाल. ताप आला तर पांघरूण घालू नको, कपडे काढ आणि ओल्या फडक्याने पूस, पंख्याखाली ठेव. कोण काय म्हणेल ते म्हणो.

हे तुझ्या आईला सांगत बसू नकोस. ताईला उगाच घोर लागतो.

मामा


२ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र मी वाचलं, हसले, नवऱ्याला वकिलाचं वाक्य वाचून दाखवलं आणि पत्र खणात टाकलं. घामाचं वाचलंच नाही म्हटलं तरी चालेल. आता ते पत्र काढून समोर ठेवून हे लिहितेय.

बावीस तारखेला आम्ही गाडीने येत होतो. पुलावर पुढे ट्रक बंद पडला होता आणि आमच्या गाडीचा एसी आठवडाभर बिघडलेला. नवरा सगळ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतःची गाडी पुढच्या रविवारी, असं चाललेलं. पाऊण तास एका जागी. पैलवान आधी किरकिरला, मग गप्प झाला. मला वाटलं झोपला. गालाला हात लावला तर तवा. आणि मग डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले. मी दार उघडून त्याला घेऊन पळत सुटले. पुलाच्या टोकाला एक पाणी मारायची गाडी होती झाडांना, तिच्या माणसाला मी काय बोलले आठवत नाही. त्याने नळीच हातात दिली.

दवाखान्यात तो चार दिवस होता. आता बरा आहे. खेळतोय, बोलतोय, काही गमावलेलं दिसत नाही असं ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कातडीच्या डॉक्टर आल्या. माझ्याहून लहान, कानावर पेन्सिल. त्यांनी त्याचे केस पाहिले, डोळ्यांखालची काळी सुरकुतलेली कातडी पाहिली, तोंड उघडून दोन दात पाहिले आणि विचारलं, "याला घाम येतो का?" अगदी तुझेच शब्द, मामा.

मग त्यांनी त्याच्या तळहाताला तपकिरी औषध लावलं आणि वरून पीठ भुरभुरलं. घाम येणाऱ्या ठिकाणी काळं होतं म्हणे. माझा हात काळा ठिक्कर पडला. त्याचा कोरडा पिठाळ राहिला. मग माझ्या पाठीला लावलं. माझी पाठ पट्ट्यापट्ट्यांची निघाली, एक पट्टा काळा, एक पांढरा. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. म्हणाल्या, हे तुमच्याकडून आलंय. याला एक्टोडर्मल डिस्प्लेशिया म्हणतात. दात, केस, कातडी आणि घामाच्या ग्रंथी, हे सगळं पोटात असताना एकाच थरातून तयार होतं, तोच थर अपुरा राहतो. हा दोष बायकांकडून येतो, मुलग्यांना पुरता भोगायला लागतो.

मग कागदावर त्यांनी घराणं काढलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आईचा गोल, शेजारी तुझा चौकोन. तुझे दात सांगितले, त्यांनी चौकोन काळा केला. "आणखी कुणी? लहानपणी गेलेला मुलगा?" मी म्हटलं, माझ्या आधी एक भाऊ होता. अकरा महिन्यांचा. तापाने गेला. त्यांची पेन्सिल थांबली. विचारलं, "कोणत्या महिन्यात?" मला माहीत नव्हतं. आई बाहेर बाकावर बसली होती, मी जाऊन विचारलं नाही. त्यांनी तो चौकोन अर्धाच काळा केला.

तू लिहिलंस "सहज विचारतो". सहज नव्हतं ना ते? तुला काय माहीत आहे?

टिटवी


१४ मे

टिटवे,

सहज नव्हतं.

तुझा भाऊ गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. महिना मे. त्याला ताप होता, तुझ्या वडिलांची आई म्हणाली गुंडाळून ठेवा, घाम फुटला की उतरेल. ताईने दोन शाली घातल्या, दार लावलं, त्याला जवळ घेतलं. चार दिवस तिचा डोळ्याला डोळा नव्हता. दुपारी तासभर तिला झोप लागली. उठली तेव्हा तो गेलेला होता.

मी पोचलो तेव्हा ती मला एकच गोष्ट सांगत होती. मी झोपले. तिच्या सासरच्यांनीही तेच धरलं. कुणी आरडाओरडा केला नाही. जेवताना, काम करताना, बोलता बोलता मध्येच कुणीतरी म्हणायचं, झोप लागली तिला. तू जन्मल्यावर ती दोन वर्षं बसून झोपायची, भिंतीला टेकून.

या दुखण्याचं तेव्हा मला काही माहीत नव्हतं. हे मी शपथेवर लिहितो. माझे दात कमी, मला ऊन सोसत नाही, एवढंच. पोराला तर दात यायचेच होते.

पाच वर्षांनी मी दातांच्या कॉलेजात कामाला होतो. तळघरात आमची खोली, साचे, मेण, प्लास्टर. एकदा मोठे सर खाली आले, मला पाहिलं आणि म्हणाले, वर चल जरा. वर वर्ग भरलेला. सरांनी मला बाकावर बसवून कवळी काढायला लावली आणि माझा ओठ बोटाने वर केला. चाळीस पोरं पुढे वाकली. मी तिथे दात तयार करून देणारा माणूस होतो, त्यांच्यातल्या निम्म्यांची कामं मी रात्र रात्र बसून निस्तरली होती. पण ते जाऊ दे. एका मुलीने विचारलं, "सर, यात मुलं दगावतात का?" सर म्हणाले, "दगावतात. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत. घाम नसतो, अंग तापत जातं. घरचे ताप समजून पांघरूण घालतात." माझा ओठ अजून त्यांच्या बोटात होता.

मला तिथेच कळलं.

त्या संध्याकाळी मी ताईकडे यायला निघालो होतो. स्टँडवर बसून राहिलो, गाडी गेली. मनात आलं, आता सांगून काय होणार? आज ती म्हणते मी झोपले. उद्या म्हणेल, माझ्याच रक्तातून आलं आणि मीच शाली घातल्या. त्यापेक्षा झोप बरी. असं मी ठरवलं. एकदा ठरवल्यावर दर वर्षी ते सांगणं अवघड होत गेलं. तू वयात आलीस, तुझे वरचे दोन दात आलेच नाहीत, मी लग्नाआधी तुला ते बसवून दिले आणि गप्प राहिलो. तुझं जमलेलं लग्न मोडेल ही भीती होती, खोटं कशाला लिहू. स्वतः लग्न केलं नाही, त्याचीही दहा कारणं सांगता येतील, त्यातलं एक हे.

पैलवान झाला तेव्हा मी बारशाला आलो नाही, आठवतं? त्याची कातडी सोलवटली आहे असं ताईने कळवलं होतं. मला बघवलं नसतं.

तुला काय म्हणायचं ते म्हण. एवढं कर, ताईला यातलं सांगू नकोस. ती पासष्टची झाली. तिने ते कसंबसं मिटवलंय.

मामा


२१ मे

मामा,

तिने काहीही मिटवलेलं नाही. ती अजून दुपारी आडवी होत नाही. मला वाटायचं तिला सवय नाही.

सव्वादोन वर्षं मी पोराला ताप आला की गुंडाळत होते. तुला माहीत होतं की मी हेच करणार, कारण सगळे हेच करतात. पत्रात चार ओळी लिहिल्यास, त्याही विनोदाच्या खाली. ट्रक बंद पडला तिथे पाणी मारणारा माणूस होता म्हणून माझा मुलगा आहे.

आता धाकटीचं. तिला पाचवा महिना लागलाय हे तुला कळवलं होतं. माझी पाठ पट्ट्यांची, बहिणीची कशी असेल कुणाला माहीत. डॉक्टर म्हणाल्या, निम्मी शक्यता. तिचे दात सगळे आहेत, पण तेवढ्यावर सांगता येत नाही. तिला हे कळलं पाहिजे. मी सांगितलं तर ती पहिला प्रश्न विचारेल, आईला माहीत आहे का.

पंधरा दिवस थांबते. तोवर आईशी तू बोल. नाहीतर मी बोलेन, माझ्या पद्धतीने, आणि मला ते नीट जमणार नाही.

(खाली नाव लिहीत नाही, राग आहे म्हणून.)


३ जून

बदका,

तुझं चौदा मेचं पत्र मी वाचलं. टिटवीने दिलं नाही, मी मागितलं. पोरगी आठ दिवस घरात भांडी आपटत होती. विचारलं तर म्हणाली, मामाला विचार. मी म्हटलं, तो बहिरा, त्याला कुठे विचारू, त्याने काय लिहिलंय ते दाखव. तिने दाखवलं आणि स्वतः जिन्यात जाऊन बसली.

मी ते दोनदा वाचलं. मग पैलवानाला ओला सदरा घालायची वेळ झाली होती, तो घातला. मग परत वाचलं.

पहिल्यांदा तुझा राग आला. अजून आहे. मला काय सोसेल ते आधी सासूने ठरवलं, मग नवऱ्याने, आणि मग तू. एकतीस वर्षं तू माझ्या घरी आलास, माझ्या हातचं जेवलास, आणि हे खिशात घेऊन फिरलास. मला विचारायचं होतंस. मी रडले असते, आजारी पडले असते, काय व्हायचं ते झालं असतं. माझा मुलगा होता, बदका. तो कशाने गेला हे जगात मला सोडून एका वर्गातल्या चाळीस पोरांना आधी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या पेन्सिलवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, शाली, दार, झोप. विचारलं, मी जागी असते तर? त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. खोटं बोलायचं की नाही ते ठरवत असाव्यात. मग म्हणाल्या, "जाग्या असता तर तिसरी शाल घातली असती." बरोबर आहे. हातात तिसरी होतीच, पायाशी घडी करून ठेवलेली. म्हणजे झोपेचा काही संबंध नाही. छत्तीस वर्षं मी ज्याची फेड करत होते ते माझं नव्हतंच.

पण मग एक दुसरं निघालं, ते तुला सांगते कारण दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. तू पाच वर्षांचा आणि मी आठची, तेव्हा रोज दुपारी तुझ्या डोक्यावर तांब्याने पाणी घालायचं काम माझं होतं. तू लाल झालास की मी खेळ टाकून यायची. मला शिकवावं लागलं नव्हतं. आणि तसाच लाल झालेला माझा मुलगा माझ्या मांडीवर होता तेव्हा मला ते आठवलं नाही. तुला पाणी, त्याला शाल. हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. याला उत्तर नाही हे मला कळतं. तू यावर काही लिहू नकोस. माझं मी बघेन.

आता कामाचं. धाकटीला सांगायचं आहे. टिटवी म्हणते मी सांगते, मी म्हटलं नाही. मी पण सांगणार नाही. ते पत्र तू लिही. आपलं लेकरू म्हणून गोंजारून नाही, जे आहे ते. मुलगा झाला तर काय करायचं, काय करायचं नाही, सगळं. ती हुशार आहे, घाबरेल आणि मग कामाला लागेल.

त्याच्याआधी इकडे ये. पैलवानाचं माप घ्यायचं आहे आणि मला तुझं तोंड बघायचं आहे. पत्रात भांडायची मला सवय नाही.

ताई


२ जुलै

धाकटे,

हे पत्र बसून वाच. वाईट बातमी नाही, म्हणजे कुणी गेलं-बिलं नाही. पण सरळ लिहायचं ठरवलंय आणि मला सरळ लिहायची सवय नाही, म्हणून थोडं सांभाळून घे.

मी तुझ्या ताईकडे तीन आठवडे आहे. तुझ्या आईने दार उघडलं तेव्हा म्हणाली, हात धुऊन घे, जेवण गार होतंय. जेवलो. पाच दिवस ती माझ्याशी मीठ-पाणी एवढंच बोलली. सहाव्या दिवशी मी गच्चीवर पैलवानाला टबात बसवलं होतं, ती येऊन शेजारी बसली आणि तिला जे बोलायचं होतं ते तासभर बोलली. मला अर्धं ऐकू आलं. अर्धं पुरेसं होतं. मी टबातलं पाणी पोराच्या खांद्यावर घालत राहिलो. खाली जाताना म्हणाली, चहा टाकते.

पैलवानाला दात बसलेत. खालची कवळी तो थुंकून टाकतो, वरची ठेवतो. पहिल्या दिवशी आरशात पाहून घाबरला आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या भावजींच्या दंडाला चावला. बापाला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. शेजाऱ्यांना दंड दाखवत फिरत होता.

आता ऐक. पैलवानाला घाम येत नाही. मलाही येत नाही. तुमच्या मोठ्या भावालाही येत नव्हता, तो त्यानेच गेला, तापाने नाही. हे मला एकतीस वर्षं माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या ताईच्या लग्नाआधी सांगायला हवं होतं, तुझ्या लग्नाआधी तर नक्कीच. नाही सांगितलं. कारणं होती, पण ती माझ्या उपयोगाची होती, तुमच्या नाही. ती लिहून तुझा वेळ घालवत नाही. विचारशील तेव्हा सांगेन.

हे घराण्यातल्या बायकांकडून येतं. तुझ्याकडे आलं असेल किंवा नसेल, निम्मं-निम्मं. रक्ताची तपासणी असते, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत पाठवतो. तपासणीला वेळ लागला किंवा तुला करायचीच नसेल तरी पुढचं लक्षात ठेव. मुलगी झाली तर सहसा फारसा त्रास नाही, तुझ्या ताईसारखं. मुलगा झाला तर पुन्हा निम्मी शक्यता.

जन्मल्याबरोबर बाळाची कातडी पापुद्रे सुटल्यासारखी असेल, डोळ्यांभोवती काळपट, सुरकुत्या असतील, तर नर्सला सांग की याला काचेच्या गरम पेटीत ठेवू नका. आधी सांग, मागून नाही. ती म्हणेल सगळ्याच बाळांना ऊब लागते. तू म्हण, आमच्या घरात असं असं आहे, डॉक्टरांना बोलवा. चिठ्ठी दाखव. अंग तापलं तर कपडे काढून ओल्या फडक्याने पुसायचं, दर अर्ध्या तासाने ताप मोजायचा. कुणी मोठं माणूस गुंडाळायला आलं तर हात धर. तुझी सासू असली तरी.

एवढं केलं की ही मुलं मोठी होतात. मी बासष्टचा झालो. ऊन टाळावं लागतं, दात बसवलेले लागतात, थुंकी कमी म्हणून जेवताना पाणी लागतं. बाकी आयुष्य लोकांसारखंच असतं, कंटाळ्यासकट.

नवऱ्याला सांगायचं का, सासरी सांगायचं का, ते तू ठरव. कुणाला काय झेपेल ते मी आता ठरवत नाही.

पत्र पोचलं की दोन ओळी टाक. रागाच्या असल्या तरी चालतील.

मामा


१२ ऑक्टोबर

मामा,

जुलैमध्ये मी उत्तर लिहिलं नाही. दोन ओळींचं लिहायला घेतलं होतं, ते सहा पानांचं झालं आणि फाडलं. ताईला फोन करून तुझ्याबद्दल जे बोलले ते तिने तुला सांगितलं नसेल अशी आशा आहे. रक्त दिलं होतं, त्याचा निकाल कुठल्यातरी टेबलावर अडकला आणि त्याआधी हाच आला. पंधरा दिवस लवकर.

मुलगा आहे. परवा सकाळी सव्वानऊला.

कमी वजनाचा म्हणून त्याला माझ्याजवळ दोन मिनिटंच ठेवलं आणि पलीकडच्या खोलीत नेलं. मला त्या दोन मिनिटांत पायाचे पापुद्रे दिसले. मी सांगितलं. नर्स म्हणाली, बऱ्याच बाळांचं असंच असतं, तुम्ही पडून राहा. मी पुन्हा सांगितलं. ती हो हो म्हणून गेली. चिठ्ठी पिशवीत होती आणि पिशवी नवऱ्याकडे, तो खाली फॉर्म भरत होता.

तासाभराने कळलं की बाळाला ताप आहे, संसर्ग असावा, पाठीतून पाणी काढून तपासायचं आहे. मी उठले. उठायचं नव्हतं, टाके होते. भिंत धरत त्या खोलीपर्यंत गेले. तो पेटीत होता, अंगावर दिवा, टोपी, मोजे. इतका लाल, मामा. तिथल्या डॉक्टरांना मी तुझं पत्र जवळजवळ पाठ म्हणून दाखवलं. लांबण न लावता मी म्हटलं, माझा एक भाऊ असाच गेला, माझा भाचा जाता जाता राहिला, याला घाम नाही, दिवा बंद करा आणि अर्धा तास थांबा. मग सुई घाला. तेवढ्यात नवरा पिशवी घेऊन वर आला. त्याला मी जुलैमध्येच सगळं सांगून ठेवलं होतं. त्याने चिठ्ठी पुढे केली.

डॉक्टरांनी ती वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच टोपी काढली.

अर्ध्या तासाने एकशे एक होता, तासाने नव्व्याण्णव. सुई घातली नाही. आता तो माझ्याजवळ आहे, एका पातळ फडक्यात. तपासण्या पुढे होतील, पण इथल्या सगळ्यांना काय निघणार ते कळलंय. आज दुपारी दुसऱ्या दोन नर्सा त्याला बघायला आल्या होत्या, काय बघायचं ते शिकायला. मी त्यांना त्याचे पाय दाखवले. विचारून दाखवले, म्हणजे त्याला विचारून. तो झोपला होता.

आईला फोन केला. तिने आधी बाळाचा ताप किती ते विचारलं. मग म्हणाली, मी येते, आणि तुझा मामा पण येईल, त्याला मी सांगते. म्हणजे तू येणार आहेस. खोलीत खाट एकच आहे, तुला खुर्चीत बसावं लागेल.

राग अजून आहे, तो तुझ्याशी समोर बोलेन. मोठ्याने बोलेन म्हणजे ऐकू येईल. तो उठला, दूध मागतोय. थांबते.

धाकटी